सायकल जड जाते

माझ्या दादाचा धंदा पोरांच्या वाढीवर चालतो. पोरगं एका सायकलीत मावेनासं झालं की आईबाप ती घेऊन दादाकडे येतात. दादा ती तपासून विकत घेतो, उघडतो, धुतो, पुन्हा बांधतो आणि अजून तेवढ्या न झालेल्या दुसऱ्या पोराला विकतो. "पोरं वाढतात म्हणून आपलं पोट चालतं," हा त्याचा ठरलेला विनोद. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि दर वेळी पहिला स्वतःच हसतो. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. जन्मभर एका कचेरीत टपाल लावलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा दादाच्या दुकानात सायकली पुसायला लागले. पगार नाही. बोलणी मात्र वेळेवर मिळतात.

वाटेल ती सायकल दादाला चालत नाही. वरून चकचकीत आणि आतून मणभर जड असली सायकल तो दारातूनच परत पाठवतो. "ही पोराने चालवायची आहे का पोराने वाहायची आहे?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारतो. पसंत पडायची शक्यता असेल तर दोन बोटांनी सीट उचलून बघतो, मग पुढचं चाक हवेत फिरवतो आणि हँडलला कान लावून उभा राहतो. चाक आपोआप थांबेपर्यंत दुकानात कोणी शिंकायचंसुद्धा नाही. चाकाच्या आतले गोल पोलादी छर्रे झिजले असले तर त्याला तिथे ऐकू येतं म्हणे. मीही एकदा कान लावून बघितला. मला माझाच कान ऐकू आला.

आणि कोणी आई म्हणाली, "थोडी मोठीच द्या, वाढत्या अंगाची," की त्याच्या नाकावर राग आलाच म्हणून समजा. "वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्या बाई, सायकल नको. फ्रॉकवरून पोरगी पडत नाही." लोक फणकाऱ्याने निघून जातात. काही महिन्यांनी पोराचे फुटलेले गुडघे घेऊन परत येतात. तेव्हा दादा काही बोलत नाही, पण गालातल्या गालात हसतो, आणि ते मला बोलण्याहून वाईट वाटतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. दादा, त्याचा मुलगा, सून, नात, आणि मागच्या खोलीत मी. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी शांत बसली की तिची आई कपाळाला हात लावून ताप बघायची.

भिंगरीची जांभळी सायकल दादाने एका उंच मुलाच्या आईकडून घेतली. त्या दिवशी त्याने चाक फिरवलं आणि कान लावला तर चाक थांबायचं नावच घेईना. आतून काही म्हणजे काही आवाज नाही. इतकी हलकी की मीही एका हाताने उचलली. भिंगरीचे पाय तेव्हा तिला पुरत नव्हते, म्हणून दादाने ती मागच्या बाजूला चादरीखाली ठेवली आणि कोणी विचारलं तर बिनदिक्कत सांगितलं, विकली गेली. भिंगरी नऊ वर्षांची झाली, पाय पुरले, आणि सायकल चादरीखालून बाहेर आली. महिनाभर ती खाली उतरली असेल तर फक्त जेवायला.

मग एके दिवशी शाळेतून आल्यावर ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, सायकल जड जाते."

दादाला हे लागलं. त्याच्या दुकानातून गेलेली सायकल जड जाते असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं, आणि आता म्हणणारी घरचीच. त्याने त्याच संध्याकाळी दोन्ही चाकं उघडली, छर्रे नवे घातले, ग्रीस भरलं. भिंगरी गल्लीत दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "आता बरी आहे." दादाचा चेहरा खुलला. जुने छर्रे तळहातावर घेऊन त्याने मला दाखवले. "बघ, झिजले होते थोडे." मला तर ते नव्यासारखेच दिसले, पण मी मूग गिळून बसले.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा म्हणाली. या वेळी चढावर. आमची गल्ली दुकानापासून बेकरीपर्यंत जराशी चढते. दादाने पुढची दात्यांची चकती काढून लहान बसवली, मागची मोठी बसवली. याने पायडल जास्त वेळा मारावं लागतं, पण जोर कमी लागतो. भिंगरी चढ चढली. पुढे परत तेच. मग दादाने टायर बारीक घातले. मग मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, स्टँड काढला, शेवटी घंटीसुद्धा काढली, घंटीचं वजन ते किती. दर वेळी ती काही दिवस खूश असायची आणि दादा तिच्याहून खूश. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा, "या वयाच्या मुलांची यापेक्षा हलकी सायकल कुठे मिळाली तर मला सांगा." आणि भिंगरी रस्त्यावर पाय गरागरा फिरवत मुंगीच्या पावलाने जायची. तिच्या मैत्रिणी पुढे जाऊन कोपऱ्यावर तिची वाट बघत थांबायच्या. पुढे पुढे थांबेनाशा झाल्या.

पहिल्यांदा बोलली ती सूनबाई. "बाबा, ही जिन्यात कठडा धरून चढते. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात ठेवून उठते. एकदा दाखवून आणूया का?"

"पाय दुखत असतील," दादा म्हणाला. "सायकल जड जाते ना, त्याने दुखतात. मी बघतोय त्याचं."

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. आमचा भाचा सकाळी जातो तो रात्री येतो, आणि बापाच्या शब्दाबाहेर जायचं म्हणजे त्याला संकट. "बाबा बघतायत ना," तो म्हणाला. मग मीच तोंड उघडलं. "दादा, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुझं. पोरीचे पाय बघ की एकदा."

"तुला सायकलीतलं काय कळतं?" तो म्हणाला आणि पाना शोधायला लागला. मी सायकलीबद्दल बोलतच नव्हते. पण त्याला तेवढंच ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून मला त्याचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

उन्हाळ्यात एक बाई मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलगी काडीपैलवान, भिंगरीपेक्षा वयाने आणि अंगाने लहान. मोठी माणसं बोलत होती तोवर तिने भिंतीला टेकवलेली भिंगरीची सायकल घेतली आणि कोणाला काही न विचारता बाहेर नेली. दादा ओरडला, "अगं, ती विकायची नाही." तोवर ती निघालीसुद्धा. सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत, सरळ चढ चढून, बेकरीला वळसा घालून, दिसेनाशी झाली. मग वाऱ्यासारखी खाली आली, ब्रेक मारला आणि आईला म्हणाली, "आई, हीच घे. हिला काही जोरच लागत नाही."

दादाच्या हातात चिंधी होती. त्याने ती सायकल तिच्याकडून घेतली. पुढचं चाक फिरवलं, कान लावला. चाक फिरत राहिलं. त्या बाई काहीतरी विचारत होत्या, त्याला ऐकू जात नव्हतं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दादाने भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं, वर गेला आणि सूनबाईसमोर उभा राहून म्हणाला, "सायकल जड नाहीये. डॉक्टरकडे जाऊया."

सूनबाई कणीक मळत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सायकल बघत होतात. मी मुलगी बघत होते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तिथून मोठ्या इस्पितळात, रक्त काढ, सुया टोच, चालून दाखव, बसून उठून दाखव. भिंगरी सगळं करत होती आणि मला विचारत होती, "आत्याआजी, मी पास का?" शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मुलीला बाहेर बापाजवळ बसवलं. स्नायूंचा आजार आहे, त्या म्हणाल्या, रक्तातूनच आलेला, कोणाच्या चुकीने नाही. स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. बरं करणारं औषध आज तरी नाही. व्यायाम आहेत, काळजी आहे, पुढे आधाराची साधनं लागतील. सूनबाईने विचारलं, "किती पुढे?" त्यांनी उत्तर दिलं, पण मी ते ऐकलं नाही. मी ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं तुमच्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादा बोलायला लागला. "शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा मी छर्रे बदलले. पाऊस थांबला तेव्हा मागची चकती मोठी घातली. ती तिला दोनेक महिने पुरली. टायर बदलले त्यानंतर जेमतेम तीन आठवडे. कॅरिअर आणि मडगार्ड काढले तेव्हा सपाटीवरही..." तो सांगत गेला. एकही तारीख चुकली नाही, एकही क्रम उलटा झाला नाही. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"म्हणजे ती इतके दिवस सायकल चालवत होती? कशी काय?"

"मी हलकी करत गेलो ना," दादा म्हणाला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. लवकर आला असतात तरी आजार बरा झाला नसता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. व्यायाम आधी सुरू करता आले असते, तेवढंच. वर्षभर आधी. बाई चांगल्या होत्या, त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पण बाहेर आल्यावर लिफ्टपाशी दादाने माझी बाही धरली आणि विचारलं, "वर्षभर म्हणाली ना ती?" मी म्हणाले, "हो." खोटं का नाही बोललात, असं सूनबाईने मला नंतर विचारलं. मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

तेव्हापासून दुकान उघडतं, पण त्यात जीव नाही. विनोद बंद झाला. पायरी चढून कुठलंही पोर आत आलं की दादा सायकलीकडे बघत नाही, त्याच्या पायांकडे बघतो. "हा जिना कसा चढतो?" असं अनोळखी आईबापांना विचारतो. परवा एक गृहस्थ चिडून म्हणाले, "तुम्ही सायकली विकता की दवाखाना चालवता?" दादा हात जोडून उभा राहिला. मी त्या गृहस्थांना चार शब्द सुनावले आणि मग आत जाऊन रडले. आयुष्यभर ज्या माणसाने जे बिघडलं ते उघडून नीट केलं, त्याच्यासमोर आता असं काही आहे की त्याला कुठे पाना लावायचा तेच कळत नाही. तो भिंगरीच्या पायांना तेल लावून देतो. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घेतो. मला त्याचा राग येतो, त्याची दया येते, आणि दोन्हीचा उपयोग शून्य.

सूनबाई महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी तीच खाली आली आणि म्हणाली, "बाबा, सपाट जागेवर, दमू न देता, जमेल तोवर चालवू द्या म्हणाल्यात डॉक्टर. ती सायकल मागतेय." दादाने सायकल बाहेर काढली.

आता रोज उन्हं उतरली की आम्ही तिघं शाळेमागच्या मैदानात जातो. भिंगरी उंचीने वाढतेच आहे. तिचे गुडघे आता हँडलला लागायला आले आहेत. तिच्या उंचीची सायकल दुकानात आहे, चांगल्यातली आहे, पण ती तिला रेटवणार नाही. म्हणून तिला अपुऱ्या सायकलीवर बसवावं लागतं, आणि बसवणारा माझा दादा.

तो मागून चालतो. सीटखाली त्याचा हात असतो. पोरांना सायकल शिकवणारी सगळी माणसं एक खोटं बोलतात. हात केव्हाच सोडलेला असतो आणि मागून ओरडत असतात, धरलंय, धरलंय. आमच्या बापाने दादाला असंच फसवलं, दादाने त्याच्या मुलाला. आता तो नातीला फसवतो.

"आजोबा, सोडलंत का?" ती समोर बघत विचारते.

"केव्हाच सोडलं गं," दादा म्हणतो आणि ढकलत राहतो.

काल तिने मैदानाची पूर्ण फेरी मारली. वळणावर केस उडाले तिचे. "आज किती हलकी जातेय आजोबा," ती म्हणाली. दादाने उत्तर दिलं नाही. त्याला धाप लागली होती, आणि ती तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो तोंड घट्ट मिटून धावत होता.