पडद्यावरचं प्लास्टिक

माही आई खिडकीजवळ मशीनवर बसून ब्लाऊज शिवते. खिडकी पश्चिमेले. तीन वाजले की ऊन थेट डोळ्यात, आन् संध्याकाळपर्यंत आई अर्धं डोकं धरून बसायची. शेवटी बाबा मले घेऊन पडदा आणायले मलकापूरले गेले. दुकानदारानं बांबूची चीक दाखवली, गुंडाळायचा कपडा दाखवला. बाबानं बोट ठेवलं आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर, सायबाच्या ऑफिसात असते तसा.

"धुवा लागत नाही ना?"

"धुवाचं नावच नाही, भाऊ. हप्त्यातून एकदा कोरडा कपडा फिरवाचा." दुकानदार नाकातून बोलायचा. तो आवाज मी एसटीत मोताळ्यापर्यंत काढत आलो. बाबा म्हणे, "गप बस बे, कंडक्टर उतरवून देईन." मंग मी कंडक्टरचा आवाज काढला.

पडदा लागला, पण बाबानं त्याच्यावरचं प्लास्टिक काढू देलं नाही. आमच्या घरी काढतच नाहीत. रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रीजचा दांडा प्लास्टिकमध्ये. धूळ बसते, म्हणे. त्याच्यानं पट्ट्या एकमेकीले चिपकून पडद्याची भिंतच झाली. ऊन बंद. आईचं डोकंही थांबलं.

पण समोरच्या काकूही बंद झाल्या. आमची गल्ली अशी अरुंद, की आई मशीनवरून आन् काकू समोर त्यायच्या ओट्यावरून रोज दुपारी आरामात बोलायच्या. काकूले वाटलं, पडदा आपल्याले टाळायसाठीच लावला. दुसऱ्या दिवशी त्यायनं आमच्याकडे पाठ करून मेथी निवडली. आईनं त्या दिवशी एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

"काढून टाका हो तो पडदा," ती बाबाले म्हणे. "डोकं दुखलं त दुखू द्या."

बाबा कायले काढतात. एवढ्या दूरून आणेल पडदा.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीखाली उभा राहून काकूचा आवाज काढला. "वो वहिनी, चहा झाला का वो?"

आतून आई लगेच बोलली, "कशाचा झाला वो. तुमच्याशिवाय घशाखाली उतरत नाही."

काकू ओट्यावरच बसेल होत्या. त्यायनं आधी मले पाह्यलं, मंग खिडकीले.

"माहा आवाज असा फाटका आहे काय रे?"

"हाव काकू. मी त थोडा कमीच काढला."

त्या थेट आमच्या घरात आल्या. आईनं डोक्याचं सारं सांगितलं.

"मंग हे आधी नाही सांगता येत होतं? मी दोन दिवस मेथीशी बोलून राह्यली."

आईची कात्री उचलून त्यायनं प्लास्टिक टराटरा फाडलं. उशिरा जेवाले बसेल बाबा ताटावरून अर्धे उठले आन् परत बसले. मी पडद्याच्या बाजूची दांडी फिरवली. पट्ट्यांच्या बाहेरच्या कडा खाली कलल्या. ऊन वरच अडलं. आमची खिडकी उंच, काकूचा ओटा खाली. फटीतून ओटा सारा दिसायले लागला.

काकू ओट्यावर जाऊन बसल्या. "मी दिसते काय वो?"

"दिसता. पदराले मेथी चिपकली आहे."

त्या दिवशी एकही ब्लाऊज पुरा झाला नाही. दोन दिवसाचं बोलणं तुंबेल होतं.

आता दर रविवारी बाबा जुना मोजा हातात घालून एक एक पट्टी पुसतात. पण दोघींच्या मधात त्यायचं डोकं आलं, की आतून आई आन् बाहेरून काकू, दोघीही सांगतात, "सरका जरा तिकडं."