चारशेदोनच्या वहिनी आणि तीन महिन्यांचा कोर्स

चारशेदोनच्या वहिनी स्वतःच्या चेहऱ्याचा हवामान अंदाज सांगत असत. लिफ्टमध्ये भेटल्या की समोरच्याची नजर आधी त्यांच्या गालांवर जायची आणि मग घाईघाईने मजल्यांच्या आकड्यांकडे वळायची. तेवढ्यात त्या स्वतःच म्हणायच्या, "आज कपाळ निरभ्र आहे, डाव्या गालावर तुरळक, हनुवटीवर मात्र जोर आहे." समोरचा हसायचा, आणि मग त्या बिचाऱ्याला हवं तिकडे बघायची मोकळीक मिळायची. वय अडतीस. दोन्ही गालांवर लालसर फोड आणि त्यांच्या मधेमधे जुन्या फोडांचे खड्डे. 'तारुण्यपिटिका' या शब्दावर त्यांचा खास राग होता. तारुण्य केव्हाच गेलं, पिटिका तेवढ्या राहिल्या, आता तरी नाव बदला, असं त्यांचं म्हणणं.

जपानमधल्या ग्योतोकुच्या आमच्या इमारतीत पाच-सहा मराठी बिऱ्हाडं होती आणि फ्लॅटच्या नंबरावरूनच सगळे एकमेकांना ओळखत. वहिनी चौथ्या मजल्यावर नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी मीरा यांच्याबरोबर राहायच्या. मी त्यांच्या थेट खाली, तीनशेदोनमध्ये, एकटी. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, ठाण्याहून नुकतीच आलेली, ओतेमाचीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. वहिनी मला 'तीनशेदोन' म्हणूनच हाक मारत. केतकी हे माझं नाव त्यांनी अगदी मोजक्या वेळा उच्चारलं असेल.

जपानला आल्यावर चार-पाच महिन्यांतच माझ्या चेहऱ्यावर पिंपल्स उठायला लागले. आधी हनुवटीवर दोन-चार, मग जबड्याच्या कडेने रांगच. दुखायचे, पिकायचे, गेले तरी काळा डाग ठेवून जायचे. जपानमध्ये मास्क लावून हिंडणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, ही मला मोठीच सोय झाली. अडचण फक्त जेवणाची होती. जेवायला मास्क काढावा लागतो, म्हणून मी टीमबरोबर जायचं बंद केलं. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे दोन गोळे, आणायची आणि ऑफिसच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून खायची. आईशी बोलताना कॅमेरा बंद ठेवायची आणि इथलं नेट फार खराब आहे म्हणून सांगायची. जपानमधलं नेट खराब, यावर आई विश्वास ठेवायची, कारण तिला माझ्याकडून स्थळांसाठी फोटो हवे होते आणि भांडण नको होतं. मी तिला जुनेच फोटो पाठवत राहिले.

वहिनींनी मला लिफ्टमध्येच पकडलं. मास्क सर्दीचा आहे की पिंपल्सचा, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, सर्दीचा. त्या म्हणाल्या, अशी सर्दी मला तेवीस वर्षं आहे, शनिवारी साडेदहाला खाली ये, स्टेशनजवळ त्वचेचा दवाखाना आहे. मी हो म्हटल्याचं मला आठवत नाही. पण शनिवारी साडेदहाला मी खाली होते.

वहिनी एका बेकरीत बाइतो करायच्या, म्हणजे आठवड्यातले काही तास नोकरी. त्यांचं जपानी तिथेच, पावांच्या ट्रेमागे तयार झालेलं. त्यामुळे त्या सगळ्यांशीच गिऱ्हाइकाशी बोलल्यासारख्या बोलत. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना त्यांनी वाकून म्हटलं, "आपल्याला थांबावं लागलं, क्षमा असावी." खरं म्हणजे थांबलो होतो आम्ही, तेही पाऊण तास. डॉक्टर साठीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला, मग हातातला दिवा हळूच वहिनींकडे वळवला आणि विचारलं, "आणि तुमचं?"

वहिनी तिथे पहिल्यांदा अडखळल्या. आपण फक्त भाषेसाठी आलो आहोत, असं म्हणाल्या. पण डॉक्टरीणबाईंनी दिवा हलवला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्यात अँटिबायोटिक गोळ्यांचे तीन कोर्स झाले होते. पहिल्याने महिनाभर बरं वाटलं. दुसऱ्याने पोट बिघडलं. तिसरा तर वहिनींनी जुनीच चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून परत परत गोळ्या आणत अकरा महिने रेटला. अकरा महिने हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आम्ही दोघीही गरोदर नाही ना, हे विचारून घेतलं आणि दोघींनाही सारखंच औषध लिहिलं. अँटिबायोटिकची कॅप्सूल दिवसातून दोनदा, शिवाय एक मलम. कॅप्सूल सूज उतरवायला, ती तीन महिन्यांच्या वर एक दिवस नाही. मलम मात्र पुढेही चालू ठेवायचं. कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हाला जपायचं. येताना मी विचारलं, वहिनी, तुम्ही कशाला घेतलंत? त्या म्हणाल्या, रांगेत बसलेच होते, तर म्हटलं करून बघू.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा कारभार सुरू झाला. सकाळी साडेसातला वरच्या बाल्कनीतून दबक्या आवाजात प्रश्न यायचा, "घेतली?" शेजारचे जपानी आजोबा शांतताप्रिय होते, म्हणून दबका आवाज. मी खालून पेला उंच करून दाखवायची. वरून दुसरा पेला दिसायचा. मग आपापल्या मजल्यावर आम्ही एकदमच पाणी प्यायचो. आरशाला वहिनींनी बंदी घातली होती. आरसा रोज वेगळं बोलतो, त्याच्या नादी लागायचं नाही, असा त्यांचा नियम. त्याऐवजी दर रविवारी दहा वाजता त्यांच्या बाल्कनीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून दोघींचा एकेक फोटो. उन्हाला जपायचं म्हणून त्यांनी रुंद टोपी, काळा चष्मा आणि खांद्यापर्यंतचे काळे हातमोजे आणले. तशा वेशात सायकलवरून बेकरीत गेल्या, तेव्हा मालकाने त्यांना ओळखलं नाही, असं त्या अभिमानाने सांगत.

तिसऱ्या आठवड्यात मी घोटाळा केला. उशीर झाला होता, म्हणून कॅप्सूल तोंडात टाकली, जेमतेम घोटभर पाणी प्यायले आणि ट्रेनकडे पळाले. कॅप्सूल कुठेतरी मधेच अडकली असावी. दुपारपर्यंत छातीत अशी आग पडली, की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. वहिनींना कळलं तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्या मला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी चार दिवस कॅप्सूल थांबवली आणि पाण्याचं पुन्हा एकदा बजावलं. ते चार दिवस वहिनींनी मला मऊ दहीभात करून घातला. कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्यावर मात्र दह्याचं वेळापत्रक लागलं, कारण औषधाच्या कागदावर दूधदुभतं आणि कॅप्सूल एकत्र नको असं लिहिलं होतं, आणि तो कागद त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईने वाचला होता.

दोन महिने होत आले, तेव्हा रविवारच्या फोटोंत एक गोष्ट दिसायला लागली. माझी हनुवटी मोकळी होत होती. जबड्यावरची रांग विरळ झाली होती, नवीन काही उठत नव्हतं. वहिनींच्या गालांत काही फरक नव्हता. पेले तेच, कॅप्सूल तीच, तारखाही त्याच. त्या फोटो बघून म्हणायच्या, तुझा डावा गाल छान झाला गं, आणि स्वतःचा फोटो पुढे सरकवून टाकायच्या. मला लाज वाटायला लागली. एका रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. पुढच्या रविवारी ऑफिसचं काम सांगितलं. मग मी त्यांच्याकडे जाताना पुन्हा मास्क लावायला लागले.

जूनमधली गोष्ट. हवेत घाम आणि चिकचिक. मी त्यांच्याकडे कढी द्यायला गेले होते, मास्क लावून. मीरा जमिनीवर बसून चित्र काढत होती. ती घरात मराठी ऐकायची आणि उत्तरं जपानीत द्यायची. वर न बघताच तिने जपानीत विचारलं, ताईच्या चेहऱ्यावर आता काहीच नाही, मग ती मास्क का लावते?

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हातातली कढी बाजूला ठेवली, माझा मास्क स्वतः काढला आणि हनुवटीला धरून चेहरा खिडकीकडे वळवला. बराच वेळ बघत राहिल्या.

"केतकी, तू तोंड लपवू नयेस म्हणून मी तुला तिथे नेलं होतं," त्या म्हणाल्या. "आता माझ्यासाठी लपवतेस?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. मी आत गेले तेव्हा त्या कढीचं पातेलं घासत होत्या, आणि त्यात अजून कढी होती. ते बघून त्यांनाच हसू फुटलं. मग नळ बंद करून, हसू ओसरल्यावर, त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, या वेळी होईल."

तेव्हा त्यांनी मला स्वतः औषध घेण्यामागचं खरं कारण सांगितलं. मीराच्या शाळेत वर्षातून काही दिवस पालक वर्गात मागे उभे राहून तास बघतात. मागच्या खेपेला मुलांनी मीराला विचारलं होतं, तुझ्या आईच्या चेहऱ्याला काय झालंय? घरी येऊन मीराने सांगितलं होतं, आता बाबांनीच यावं. वहिनींनी ते हसण्यावारी नेलं होतं. मला घेऊन दवाखान्यात गेल्या, तो त्यानंतरचा दुसरा शनिवार.

पुढचा शाळेचा दिवस दोन आठवड्यांवर होता. कॅप्सूल अजून चालू होत्या, गाल तसेच होते. वहिनी गेल्या. मास्क नाही, पावडर नाही, काळे हातमोजे तेवढे होते. मी सुट्टी काढून फाटकापर्यंत गेले आणि बाहेर थांबले. तासाभराने दोघी आल्या. काय झालं ते मला मीराने जपानीत आणि वहिनींनी मराठीत, एकाच वेळी सांगितलं. तास संपल्यावर एका मुलाने तोच प्रश्न विचारला होता, या वेळी थेट वहिनींना. वहिनींनी त्याला बेकरीतल्या नम्र जपानीत उत्तर दिलं, की हे पिंपल्स आहेत, अजून पाच वर्षांनी आपल्यालाही येतील, आले की जरूर भेटायला यावं, आम्ही वाट पाहू. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. मीराची तक्रार एवढीच होती, की आई फार बोलते. पण तक्रार करताना तिने आईचा हात धरलेला होता.

जुलैत तीन महिने भरले. वहिनींनी डॉक्टरीणबाईंना आणखी एक महिना मागून पाहिला. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. जे तीन महिन्यांत लागू पडलं नाही, ते चौथ्यात पडणार नाही, उलट जंतू औषधाला सरावतील, असं समजावलं. मग त्यांनी एक गोष्ट विचारली, जी पुण्यात कोणी विचारली नव्हती, किंवा वहिनींनी सांगितली नव्हती. पाळी वेळेवर येते का? येत नव्हती, कधीच. त्यांनी वहिनींना स्त्रियांच्या डॉक्टरकडे जायला चिठ्ठी दिली. तिथे तपासण्या झाल्या, संप्रेरकांचं काहीतरी निघालं, वेगळे उपचार सुरू झाले. पुढच्या वसंतापर्यंत नवीन फोड येणं पुष्कळ कमी झालं. खड्डे राहिले. वहिनी म्हणायच्या, खड्डे राहू देत, रस्त्याचं काम तर थांबलं.

मी टीमबरोबर जेवायला लागले. आईशी बोलताना कॅमेरा सुरू केला. मी श्वास रोखून बसले होते, आणि आई म्हणाली, "किती बारीक झालीस." चेहऱ्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली.

वर्षभराने वहिनींच्या नवऱ्याची कोबेला बदली झाली. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. स्टेशनवर त्यांनी मला मिठी मारली नाही, तशी त्यांची पद्धत नव्हती. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, समाधानाने मान हलवली आणि सांगितलं, की ताण आला की दोन-चार उठतील, घाबरू नकोस, मलम सोडू नकोस, आणि जिन्यात बसून जेवू नकोस. जिन्याचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, ते मला आजही आठवत नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी कोबेला गेले, तेव्हा रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. दार मीराने उघडलं. आता तेरा वर्षांची, माझ्याएवढी उंच. केस मागे घट्ट बांधलेले, आणि कपाळभर पिंपल्स. त्यातला एक तर दोन भुवयांच्या बरोब्बर मधे. वहिनी स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. मी मीराला हलक्या आवाजात विचारलं, शाळेत कोणी काही म्हणतं का? कपाळावर केस सोडावेसे नाही वाटत?

मीराने आधी जपानीत काहीतरी सुरुवात केली. मग थांबली, शब्द जुळवले, आणि मराठीत म्हणाली, "आईला होते, मला आहेत. त्यात काय?"

वहिनी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. कढईतला झारा थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरायला लागला. त्या दिवशी पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. आम्ही तिघींनी ते अवाक्षर न काढता संपवले.