दुधासोबतची गोळी

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या मामांचे. दिग्रसला त्यांचं मोटर भरण्याचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणतात आणि मामा जळलेली तार काढून तांब्याची नवी तार वेढ्यावेढ्याने बसवतात. दहावीनंतर त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, पुढे नागपूरला पाठवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. जाताना त्यांनी एकच अट घातली, "काय शिकला ते मले लिहून धाडत जाय. मले समजलं पाह्यजे."

मी लिहीत गेलो. ते माझी पत्रं दुकानातल्या तारेला बिलांसोबत अडकवून ठेवायचे. मग मी मोबाइल घेतला आणि पत्रं थांबली.

दोन-तीन वर्षांपूर्वी मामांना कंपवात झाला. हात थरथरू लागले, चालताना पाय जागेवरच चिकटायचे, आवाज इतका बारीक झाला की फोनवर काही कळेना. डॉक्टरांनी गोळी दिली. सुरुवातीला गुण आला. नंतर कधी यायचा, कधी नाही. प्रत्येक खेपेला डॉक्टर गोळी वाढवायचे आणि म्हणायचे, "वय झालं, आजार पुढे सरकतोय."

एकदा सुट्टीत मी दुकानात बसलेलो असताना महागावकडचा एक शेतकरी मोटर न्यायला आला. मामांचे हात बघून म्हणाला, "मामा, मोटर भरून राह्यले का नाचवून राह्यले?"

"नाचली त पानी जास्त फेकन," मामा म्हणाले.

सगळे हसले. मामाही हसले. पण तार हातातून सुटली होती आणि ती उचलायला त्यांना वाकता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मामेभावाने ठरवूनच टाकलं, दसऱ्यानंतर दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं. "बाबा, लोकं हसून राह्यले. आता बसा घरी." मामांनी दुकानाची चावी कनवटीला खोसली. ज्या माणसाने आयुष्यभर हाताच्या कष्टावर खाल्लं, त्याला घरी बस म्हणणं म्हणजे काय, हे त्या पोराला कळत नव्हतं असं नाही. त्याला बापाची लाज वाटत होती. मला त्याचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्याच्याशी बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी गोळी घेऊन आल्या. सोबत स्टीलचा मोठा गिलास, वर मलई तरंगत असलेलं म्हशीचं दूध.

"मामी, गोळी रोज दुधासोबतच?"

"मंग? गरम असते बापा गोळी. आतडे जाळते. वरतून दूध पाह्यजेच."

"कधी चुकलं नाही?"

"म्हैस आटली होती तवाच. इकतच्या दुधात चहाच भागे, गोळी पाण्यासंगंच देत होती."

"तेव्हा हात कसे होते?"

मामींनी गिलास खाली ठेवला. "तवा... तवा त चांगले होते. रोज दुकानात जात. म्या म्हटलं, देवाची कृपा."

मी नागपूरला जीवरसायनशास्त्र शिकतो. मेंदूतले अमिनो आम्लांचे वाहक, म्हणजे अमिनो आम्लं आतबाहेर नेणारी प्रथिनं, हा आमच्या अभ्यासातला एक धडा. ही गोळी त्याच वाहकांच्या आधाराने मेंदूत शिरते, हे त्या धड्यातच होतं. पण ते छापलेलं होतं इंग्रजीत, आणि माझ्या मामींपर्यंत ते पोचावं असं कुणालाही वाटलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानात पट्टी कात्रीने कापून देतात. आतला माहितीचा कागद मागे खोक्यातच राहतो. गरम गोळीवर दूध द्यायचं, हे मामींना त्यांच्या आईने शिकवलं. दुसरं कुणी काही शिकवलंच नाही.

मी मामांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

"दुधासोबत?" डॉक्टर म्हणाले. "नाही नाही, दुधासोबत नाही घ्यायची. जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्यासोबत. मळमळलं तर टोस्ट खायचा. सांगितलं असेल ना."

"नाही सांगितलं."

"अहो, एवढे पेशंट असतात."

"तुम्ही गोळी वाढवत गेलात. कशासोबत घेता, हे एकदाही विचारलं नाही."

त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. मामांनी जाताना त्यांना हात जोडले. ते थरथरते जोडलेले हात आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

आणि घरी आल्यावर मामांनी काय करावं? संध्याकाळची गोळी दुधासोबतच घेतली. "डॉक्टरनं गोळी वाढवली, थो का येडा हाय? दुधानं कोणाचं नुकसान झालं आजवर?" मी ओरडलो. वाहक, अमिनो आम्ल, असले शब्द त्यांच्या अंगावर फेकले. ते शांतपणे म्हणाले, "मले समजलं नाही."

रागातच बस पकडली. नागपूरला आल्यावर पत्र लिहिलं. ते असं :

*ती. मामांना सा. न.*

*तुम्ही लहानपणी मला जिनिंगच्या फाटकावर न्यायचे. कापसाच्या गाड्यांची रांग असायची. आतली रिकामी गाडी बाहेर आली की मगच बाहेरची भरलेली आत. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अशीच बारीक फाटकं आहेत, प्रथिनांची. एक कण बाहेर सोडतात, एक आत घेतात.*

*दूध, तुरीची डाळ, अंडी पचली की त्यांचे कण, म्हणजे अमिनो आम्लं, या फाटकावर येतात. तुमची गोळी त्यांच्यासारखीच दिसते, म्हणून ती याच फाटकातून आत जाते. तिला दुसरा रस्ता नाही. आत गेल्यावर तिचं डोपामाइन होतं आणि हात त्यावर चालतात. तयार डोपामाइन गिळलं तर त्याला हे फाटक उघडतच नाही.*

*आता मोठा गिलासभर दूध म्हणजे फाटकावर गाड्यांची रांग. तुमची गाडी मागे. आतड्यातही अशीच फाटकं आहेत, तिथेही तीच गर्दी. डॉक्टरांनी गोळी वाढवली, म्हणजे रांगेच्या शेवटी आणखी एक गाडी लावली. म्हैस आटली तेव्हा रस्ता मोकळा होता. मामींना विचारा.*

*दूध सोडू नका. रात्रीच्या जेवणात घ्या, गोळीपासून लांब. गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, पाण्यासोबत. मळमळलं तर टोस्ट खा. हे डॉक्टरांनीच सांगितलंय, फक्त फार उशिरा. मामींवर रागावू नका. रागवायचं तिथे मी रागावलो आहे.*

*हात मोकळे झाले की एक मोटर भरा. आणि समजलं की नाही, ते या वेळी तुम्ही मला लिहून धाडा. तोवर चावी कनवटीलाच असू द्या.*

*तुमचा भाचा*