निळ्या ड्रममधलं ऑइल

आमचे हे गाड्यांच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक आहेत. तिथे त्यांना सगळे थेंबकाका म्हणतात. गाडीचं ऑइल बदलून झालं की बाकीचे हात पुसून पुढच्या गाडीकडे वळतात. हे मात्र गाडी खाली उतरवून, इंजिन चालू ठेवून, फरशीवर उकिडवे बसतात आणि खाली बघत राहतात, एखादा थेंब पडतोय का म्हणून. नाही पडला तरी समाधान होत नाही. मग हात आत घालून बोट फिरवून बघतात.

स्वभाव मुळातच भित्रा. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा माणूस. मी देवाला नमस्कार करून बाहेर पडते आणि माझ्यापुरता तो विषय संपतो. हे म्हणतात, "देव गॅस बंद करत नाही." मी म्हणते, "गॅस मी बंद केलाय, आणि मग नमस्कार केलाय." इतक्या वर्षांत हे भांडण मिटलेलं नाही.

ऑइलची भीती मात्र स्वभावातली नाही. तरुणपणी हे रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये होते. तिथे सुटं ऑइल यायचं, कुठून यायचं ते कोणी विचारत नसे. तेच ऑइल घातलेल्या एका जीपमधून चढ चढत असताना इंजिन जाम झालं. आधी आतून कोणीतरी हातोडा मारतंय असा आवाज, मग एक कर्र, आणि मग काहीच नाही. जीप मागे घसरायला लागली. मागे दरी. एका दगडाला चाक अडलं म्हणून पुढे माझं लग्न झालं. तो आवाज ह्यांच्या कानातून अजून गेलेला नाही. एकदा आमच्या मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिला होता, तर हे स्वयंपाकघराच्या दारात भिंत धरून उभे राहिले होते.

अशा माणसाच्या वर्कशॉपमध्ये मालकांनी एक दिवस निळे ड्रम आणून ठेवले.

आधी तिथे कंपनीच्या नावाचे ड्रम असायचे. छताला गुंडाळलेल्या नळ्या, त्यांच्या टोकाला पेट्रोल पंपावर असते तशी बंदूक. ती खाली ओढायची आणि इंजिनात ऑइल सोडायचं. नळ्या त्याच राहिल्या, ड्रम बदलले. मी त्या दिवशी ह्यांचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. हे निळ्या ड्रमसमोर उभे होते, कोणी अनोळखी माणूस घरात येऊन बसावा तसे त्याच्याकडे बघत.

तिथली सुपरवायझर आमच्या मुलीच्या वयाची आहे. बाकीचे तिला मॅडम म्हणतात, हे पोरी म्हणतात, आणि तिला ते चालतं.

"पोरी, ह्याच्यावर कंपनीचं नाव कुठंय?"

"नाव नाही काका, नंबर आहे. इंजिनला नाव वाचता येत नाही."

"मला येतं ना."

"मग नंबरही वाचा. घट्टपणा तोच, दर्जा तोच. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. ज्या गाड्यांना वेगळं लागतं त्यांचे डबे मी आत कुलपात ठेवलेत."

"आणि आत खरंच तेच असेल कशावरून?"

"आधीच्या ड्रममध्ये होतं कशावरून?" ती म्हणाली. "काका, डबा खा. काकू उन्हातून आल्यात."

ह्यांनी डबा खाल्ला नाही. संध्याकाळी तसाच भरलेला घरी आला.

मग आमच्या घरात भीती राहायला आली. हे जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे. "आज एक शाळेची गाडी केली," असं म्हणायचे आणि पुढे बोलायचे नाहीत. रस्त्यावर गाडी जोरात ओरडली तरी खिडकीत. मला ऑइलमधलं काही कळत नाही. सुपरवायझर म्हणते ते मला पटलं होतं. आपण पीठ घेतो तेव्हा पिशवीवरचं नाव खात नाही. पण भीती सर्दीसारखी असते. मीही रस्ता ओलांडताना समोरच्या गाडीकडे बघून मनात म्हणायला लागले, हिच्यात कुठलं असेल?

त्यात आमची मुलगी, जावई आणि वर्षाची नात राहायला आली. ते घाटापलीकडे असतात. त्यांची गाडी आधीच्या आठवड्यात ह्यांच्याच सेंटरमध्ये सर्व्हिसिंगला आली होती आणि ती दुसऱ्या मेकॅनिकने केली होती. म्हणजे निळा ड्रम. हे मुलीशी बोलत होते, नातीला खांद्यावर घेत होते, पण लक्ष सगळं दारातल्या गाडीकडे.

निघायच्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. सकाळी मी उठले तर हे घरामागच्या मोकळ्या जागेत गाडीखाली आडवे. शेजारी कंपनीच्या नावाचा सीलबंद डबा आणि नवा फिल्टर.

जावई चहाचा कप घेऊन आले. "बाबा, अहो, परवाच तर बदललंय."

"माहीत आहे."

"मग?"

"मग परत बदलतोय."

जावई माझ्याकडे बघून हसले. "आई, मलाही बदलून देतील का एखाद दिवशी?"

"तुमची गॅरंटी संपली," मुलगी आतून म्हणाली.

त्यांना ऊन चढायच्या आत निघायचं होतं, नात भोकाड पसरून रडत होती, मी पोळ्या बांधत होते. मधूनमधून बघितलं तर हे काढलेलं ऑइल बोटांवर घेऊन चोळत होते, वास घेत होते, उजेडात धरत होते. त्यात काहीतरी खोट सापडायलाच हवी, असा चेहरा. सापडली नाही. मग फिल्टर बसवला, डबा ओतला, इंजिन चालू करून खाली बघितलं. थेंब नाही. गाडी गेली. आणि कितीतरी दिवसांनी हे पोटभर जेवले.

जेवणानंतर हे पसारा आवरायला मागे गेले. मी भांडी घासत होते. बराच वेळ काहीच आवाज येईना म्हणून डोकावले. ह्यांच्या हातात गाडीचा काढलेला फिल्टर होता. फिल्टर म्हणजे पेल्याएवढा बंद डबा, इंजिनला आट्यांवर बसतो. त्याच्या तोंडाला काळी रबरी रिंग असते, ती ऑइल अडवते. हे त्या तोंडावरून अंगठा फिरवत होते. पुन्हा पुन्हा.

"काय झालं?"

"ह्याची रिंग कुठंय?"

ते मलाच विचारत होते. मग गुडघ्यावर बसून शोधायला लागले. जमीन चाचपली. काढलेल्या ऑइलच्या ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळ खरवडला. फडकी झटकली. मीही शोधलं, कशाला ते धड न कळताच.

"नाही इथे," ते म्हणाले. "इंजिनलाच चिकटून राहिली. मी तिच्यावरच नवा बसवला. रिंगवर रिंग." मग हळू आवाजात सांगितलं, "उभ्या गाडीत टिकतं ते. चढाला जोर लागला की बाजूने फुटतं. सगळं ऑइल बाहेर."

"पण तुम्ही तर बोट फिरवून बघता."

"आज नाही बघितलं."

त्यांची बोटं त्या वेळी निळ्या ड्रमचं ऑइल चोळत होती, हे मला कळलं आणि त्यांनाही.

मुलीचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. जावयांचाही तसाच. म्हणजे गाडी घाटात पोचली होती. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. तीच बाई, तोच गोड आवाज. ह्यांनी तोवर सुपरवायझरला फोन केला होता. ती काही विचारत बसली नाही. "खाली येऊन थांबा," म्हणाली आणि ब्रेकडाऊनची व्हॅन घेऊन आली. मीही चढले. मला कोणी थांबवलं नाही.

गावाबाहेर पडलो. मी देवाचं नाव घेत होते, पण ते दोन शब्दांपुढे जाईना. डोळ्यांपुढे नातीचं टोपडं येत होतं आणि तो दगड, ज्याला चाक अडलं होतं. प्रत्येक ठिकाणी दगड कुठून असणार?

चढ सुरू झाला तसे हे खिडकीतून अर्धे बाहेर. "थांब पोरी."

व्हॅन थांबली. रस्त्यावर नाण्याएवढा काळा डाग होता. हे उतरले, बोट लावलं, चोळलं, वास घेतला. परत येऊन बसले. "आपलंच."

पुढे डाग जवळजवळ यायला लागले. मग त्यांची रेघ झाली. मग एका वळणाआधी रेघेचा हातभर रुंद पट्टा झाला, उन्हात चकाकणारा. इतकं ऑइल एका गाडीत असतं हे मला माहीत नव्हतं. वळणावर पट्टा एकदम संपला. मला वाटलं, सुटलो, गळायचं थांबलं. ह्यांच्याकडे बघितलं तर चेहऱ्यावर रक्त नाही.

"थांबलं नाही," ते म्हणाले. "संपलं असेल."

वळणापलीकडे थोडा उतार होता. सुपरवायझरने व्हॅन सावकाश घेतली. हे मान पुढे काढून कान देत होते. तो हातोड्याचा आवाज ऐकत होते, हे मला न विचारता कळलं. आवाज नव्हता. पण जाम झालेल्या गाडीचाही आवाज नसतो.

गाडी उताराच्या शेवटी, रुंद जागेत, कठड्याला लागून उभी होती. चाकाखाली दगड लावलेला. मुलगी कठड्याच्या सावलीत बसून नातीला बिस्कीट भरवत होती.

मी खाली उतरले आणि तिथेच रस्त्यावर बसले.

जावई सांगत होते, "बाबा, वळणावर तो लाल दिवा लागला. मी म्हटलं, वायरचं काहीतरी असेल, आत्ताच तर बाबांनी ऑइल बदललंय. वर गेल्यावर बघू. तर ही ऐकेचना. तिथल्या तिथे इंजिन बंद करायला लावलं. उतारावरून नुसती सोडत आणली इथपर्यंत."

"दुसऱ्या मुलींना लहानपणी वाघाच्या गोष्टी सांगतात," मुलगी म्हणाली. "मला ह्यांनी लाल किटलीच्या सांगितल्या, ऑइल संपलं की गाडीत लागते त्या दिव्यातल्या. ती दिसली की पुढचा श्वाससुद्धा इंजिन बंद करून घ्यायचा." मग तिने बापाकडे नीट बघितलं. "बाबा, काय झालं? तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या हातून झालं," हे म्हणाले.

सुपरवायझर तोवर गाडीखाली गेली होती. फिल्टर काढून बाहेर आली, तिच्या तळव्यात दोन काळ्या रिंगा होत्या. एक फाटून बाहेर आलेली. "आधीच्याने कोरडीच बसवली होती, ऑइलचं बोट न लावता. म्हणून चिकटली. त्याला बघते मी उद्या." मग त्या ह्यांच्या हातात देत म्हणाली, "दोन्ही कंपनीच्या आहेत काका. नाव आहे बघा त्यांच्यावर."

ह्यांनी त्या खिशात टाकल्या. तिने व्हॅनमधून नवा फिल्टर काढला आणि एक कॅन. कॅनमधलं ऑइल निळ्या ड्रममधून भरलेलं होतं.

"दुसरं नाही का?"

"दुसरं तुमचं होतं. ते रस्त्यावर आहे."

ह्यांनी गाडीच्या कप्प्यातून पुस्तक मागवलं. चष्मा लावला. कॅनवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचला. तेच होतं. मग गाडीखाली गेले, इंजिनच्या तोंडावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि सुपरवायझरला म्हणाले, "पोरी, तूही फिरव." तिने फिरवलं. फिल्टर बसला. ऑइल ह्यांनी स्वतः ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"लाव चावी," ते जावयांना म्हणाले.

मी डोळे मिटले. माझी प्रार्थना त्या वेळी कुठे पूर्ण झाली. इंजिन लागलं. हे बॉनेटवर वाकून ऐकत राहिले, डॉक्टर ऐकतात तसे. हातोडा नव्हता. दिवा विझला होता.

"वाचलंय," सुपरवायझर म्हणाली. "पुढच्या आठवड्यात एकदा आणा."

ह्यांचा पाय निघेना. शेवटी घाट संपेपर्यंत आम्ही त्यांच्या मागून व्हॅन नेली. हे सबंध वाट खिडकीतून बाहेर, डोळे रस्त्यावर. रस्ता कोरडा होता. वर पोचल्यावर मुलीने खिडकीतून हात हलवला, ह्यांनी हलवला नाही. ते अजून खालीच बघत होते.

संध्याकाळी फोन आला. मी विचारणार होते, पोचलात का, नात झोपली का. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"गाडीखाली बघितलंस?"

"बघितलं बाबा. कोरडं आहे."

"नुसतं बघून काय होतंय? हात फिरव."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग तिची पावलं. हे फोन कानाला लावून उभे होते. मीही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.