खालच्या फ्लॅटमधले पाहुणे

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दाराला कुलूप. एवढ्या सामानातून किस्से निघून निघून किती निघणार? मला वाटलं होतं, दोन-चार. आता मैत्रिणी भेटल्या की "कशी आहेस?" विचारतच नाहीत. थेट "सध्या खाली कोण आलंय?"

खाली म्हणजे भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या घराच्या खालचा फ्लॅट. बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा घेतलेला. मी एम.कॉम. झाले, एम. पी. नगरच्या कोचिंगमध्ये दोन वर्षं बँकेच्या परीक्षांना घाबरले आणि मग तो फ्लॅट पाहुण्यांना द्यायला लागले. चार दिवस राहा, आपलं आपण रांधून खा, भोपाळ बघा, जा. बाबांना हे कधीच पटलं नाही. "रोज नवी माणसं! त्यापेक्षा एक कायमचा भाडेकरू बरा. दिवाळीपर्यंत बघतो, मग सरळ देऊन टाकतो."

म्हणजे माझं आयुष्यातलं एकमेव चालू लागलेलं काम दिवाळीला टांगलेलं! त्यामुळे खालची बेल वाजली की मी दचकायचे. तशी मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, पण ते वेगळं.

*

पाहुण्यांसाठी मी एक यादी केली होती, ‘जवळपास काय खावं, काय बघावं’. पहिलंच नाव कोपऱ्यावरच्या पोहे-जलेबीचं. पुण्याचे एक काका ते खाऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "पोह्यांत बडीशेप? वर शेव? आणि सोबत जलेबी? याला पोहे म्हणतात?"

मी घाबरून तीनदा सॉरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दोन प्लेट. मी भीत भीत विचारलं, "काका, आवडायला लागले वाटतं?"

"छे! खात्री करून घेतोय."

*

यादी वाचून बाबांना राहवलं नाही. "नुसती नावं काय देतेस? ड्रॉइंग दे!" आठवडाभर बसून त्यांनी नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत ‘रिव्हिजन ३’. चाटवाल्याच्या हातगाडीचासुद्धा टॉप व्ह्यू होता. फक्त रस्त्यांची नावं नव्हती, कारण त्याने म्हणे ड्रॉइंग भरून जातं.

नाशिकचं एक नवं जोडपं तो नकाशा घेऊन मोठ्या तलावाला पायी निघालं. दोन तासांनी मला फोन. "ताई, आम्ही कुठेतरी रेल्वेलाइनपाशी आहोत. तलाव तर कागदावर चारच बोटांवर होता!"

बाबांनी शांतपणे चष्मा पुसला. "स्केल लिहिलंय. वाचत नाहीत लोक."

*

वन विहारची गोष्ट तर मला आठवली तरी धडधडतं. सकाळी फोन. साताऱ्याच्या काकू, अगदी दबक्या आवाजात, "अगं, वाघ! अगदी समोर!"

माझ्या हातून चहाचा कप पडला. "काकू, पळू नका! हलू नका! गार्डला हाक मारा!"

"मारली ना. तो उठवत नाही म्हणतो."

"कोणाला?"

"वाघाला! जाळीपलीकडे नुसता झोपलाय गं मेला. तिकीट काढलंय आम्ही!"

*

‘आपलं आपण रांधून खा’ हे आईच्या तर कधी डोक्यातच शिरलं नाही. दारात आलेल्या माणसाने स्वतः भाजी चिरायची? आमच्या घराखाली? सकाळी उपमा, दुपारी वरण-भात, संध्याकाळी ‘थोडंसंच केलंय’ म्हणून थालीपीठ. हे सगळं झाकून खाली जायचं. बिचाऱ्या एका बाईने आल्या दिवशी हौसेने मेथी आणली होती. आईने ती निवडून, भाजी करूनच परत पाठवली.

बाईंनी जाताना अभिप्राय लिहिला. "स्वयंपाकघर सुंदर आहे. एकदा आत जायची इच्छा होती."

आईने तो फ्रेम करायचा म्हणून माझ्या मागे लकडा लावला. "बघ, सुंदर म्हणालीय!"

*

जुन्या भोपाळातला मिठाचा चहा मी यादीत लिहिला, पण मिठाचा आहे हे लिहायला विसरले. कोल्हापूरचे एक गृहस्थ घोट घेऊन चहावाल्याला म्हणाले, "साखरेच्या जागी मीठ पडलंय." त्याने कप घेतला, चव बघितली, मान डोलावली, खास भोपाळी थाटात म्हणाला, "को खां, एकदम सही है," आणि तोच कप परत दिला!

*

आणि मग आले सोनवणे काका. दिवाळीला पंधरा दिवस असताना बाबांना कायमचा भाडेकरू सापडला! नागपूरहून बदलून आलेले, सरकारी नोकरी, सज्जन, छोटं कुटुंब. बाबांनी त्यांना रविवारी अकरा वाजता बोलावलं. "खाली पाहुणे आहेत, पण आपलीच माणसं समजा. बेल वाजवा आणि बघून घ्या."

मला मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं तर मी जेवत नाही, म्हणून.

खाली होतं अमरावतीचं कुटुंब. आई-वडील, मामा आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा. त्याच्यासाठी भोपाळची मुलगी बघायला आलेले. मुलीच्या घरी रंगकाम चाललेलं, त्यामुळे मुलीकडचेच अकराच्या सुमाराला इकडे येणार होते. मी निवांतपणे त्यांच्यासाठी जलेबी आणायला गेले.

परत आले तर सोफ्यावर सोनवणे काका, काकू आणि त्यांची मुलगी मृदुला. तिघांच्या हातात पोह्यांच्या बशा. समोर मामा.

"घरात माणसं किती?"

"आम्ही तिघंच," काका अदबीने म्हणाले.

"मांसाहार?"

"घरात नाही." एवढं तर भोपाळात कोणताही घरमालक विचारतो.

"मुलीचं शिक्षण?"

"फार्मसी." मालकाची माणसं जरा जास्तच चौकस आहेत, असं काकांच्या चेहऱ्यावर उमटलं. पण फ्लॅटला पूर्वेची बाल्कनी होती.

मुलाची आई मामांच्या कानाशी लागली. "फोटोत केस कुरळे होते रे."

"फोटोचं काय घेऊन बसलीस ताई!" मामा म्हणाले आणि मग मोठ्याने, "बरं, या दोघांना जरा बाल्कनीत जाऊ द्या."

"हो हो, बाल्कनी बघायचीच आहे!" म्हणत काकाही उठले. मागोमाग काकू. "कपडे वाळत घालायला दोऱ्या आहेत का हो?"

पाच मिनिटांनी काका-काकू आत आले. मुलगा आणि मृदुला मात्र बाल्कनीतच. काय बोलत होते कोण जाणे, हसत होते. दोऱ्यांचं ऐकून, हे मुलीकडचे नव्हेत, घर बघायला आलेत, हे मला कळलं होतं आणि मी जलेबीचा पुडा नुसता या हातातून त्या हातात करत होते. तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "नमस्कार! जरा उशीरच झाला आम्हाला."

कुरळ्या केसांची मुलगी, तिचे आई-वडील आणि पेढ्यांचा पुडा. मी अशी दचकले की अर्धा किलो जलेबी मामांच्या पायांवर!

पुढच्या अर्ध्या तासात त्या हॉलमध्ये प्रत्येकाने प्रत्येकाची माफी मागितली. कुरळ्या केसांची मुलगी तेवढी शांत होती. जाताना मला म्हणाली, "थँक यू. मला तसंही लग्न करायचं नव्हतं."

संध्याकाळी सोनवणे काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला. मी मनातल्या मनात बँकेचे फॉर्म भरायला लागले होते.

"साहेब, फ्लॅट उत्तम आहे. पण राहू द्या. त्या सोफ्यावर मला आता पुन्हा बसवणार नाही."

बाबांचा चेहरा पडला. काका खाकरले. पलीकडे कोणीतरी त्यांना ढोसत असावं.

"आणि एक विचारायचं होतं. म्हणजे मी नाही, आमची मृदुला विचारतेय. ते अमरावतीचे पाहुणे अजून किती दिवस आहेत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी दहापर्यंत," मी म्हणाले. "पण वाढवून मिळेल."