मागणी

"तुला कशाला गं लाईट? बल्बावर भाकरी थापणार का?"

लाईन टाकून घेणारा वीज मंडळाचा साहेब असं म्हणला अन् खालचे सगळे फिदीफिदी हसले. हे बोलणं माझ्या मायला होतं. मी वर खांबावर होतो, पट्ट्यानं बांधलेला. हसलो न्हाई. पण उतरलोबी न्हाई.

लातूर नवा जिल्हा झाला ते साल. पाऊस न्हाई, जवारी करपलेली. शहराच्या कडंला नवे कारखाने येणार म्हणून लाईन टाकायचं काम निघालं. खांबांचे खड्डे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बायांनी खांदले. माय त्यातच. मला ठेकेदारानं खांबावर चढायला ठेवलं, त्याचा मला लई तोरा. तार आमच्याच छपरांवरून जाणार होती. घरात रॉकेलची चिमणी. मायनं एवढंच म्हणलं होतं, "साहेब, जाता जाता आमालाबी एक दिवा द्या."

साहेब समजावल्यासारखं बोलला, "बाई, जिथं मागणी तिथं लाईट. तुमच्या वस्तीत मागणीच नाही."

"मंग म्या आता काय केलं?"

"ही मागणी नाही. ही भीक."

मायच्या डोक्यावर मातीचं घमेलं तसंच. साहेब माझ्याकडं बघून वरडला, "ए, ओढ तार!"

तार हातात घेतली. मायच्या हाताचे फोड वरून दिसत न्हवते, पण मला ठाव होते. आग लागो ह्या भाकरीला! तार सोडली. खाली आलो.

"कारखाना मागतो ती मागणी अन् माझी माय मागती ती भीक? लाईट न्हाई म्हणून आमची गिरणी न्हाई, गिरणी न्हाई म्हणून मागणी न्हाई, अन् मागणी न्हाई म्हणून लाईट न्हाई. मंग आमी वर यावं कसं, साहेब?"

"उद्यापासून येऊ नको. आईलाही घेऊन जा."

तार दुसऱ्यानं ओढली. वरसाभरात कारखान्याचा भोंगा वाजला, जिल्हा पुढं गेला म्हणत्यात. ऐन दुष्काळात मायची रोजी माझ्या तोंडापायी गेली, हे मला खातं. ती खाली एकटी बोलत होती तवर मी वर गुमान बसलो, हे त्याहून खातं. ती कधी बोलून दाखवत न्हाई. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आज सगळी वस्ती घेऊन जिल्ह्याच्या नव्या कचेरीत चाललोय. हात जोडायचे न्हाईत, सगळ्यांना बजावलंय. दारात दिवा लागल्याबिगर आता आमच्या छपरावरून दुसरी तार जाऊ देणार न्हाई.