केरू गोताडाचा भरसभेतला सवाल

केरू गोताड मुळात रागीट नव्हता. बैलाने पाय तुडवला तरी "अरे बाबा, बघून चाल" म्हणणारा माणूस. त्यामुळे सन सदतीसच्या जानेवारीत देवरुखच्या बाजारात भरसभेत तो उभा राहिला आणि ओरडला, तेव्हा त्याच्या सख्ख्या चुलत्यालाही वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

डोकं ठिकाणावरच होतं. राग मात्र दोन वर्षांचा साठलेला होता.

केरूची वाडी देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. भाताच्या चार खाचरांवर वर्ष निघत नसे. घर चालायचं ते तागावर. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत ताग पेरायचा, कापून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात कुजत घालायचा, मग सोलून, झोडपून, धुऊन त्याचे केसासारखे झुपके काढायचे आणि घराघरांतल्या बायकांनी टकळीवर त्याचं पिळदार सूत काढायचं. ते सूत जायचं थेट रत्नागिरीला, मांडवीच्या मच्छीमारांकडे. त्याची जाळी विणायची, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायची, की जाळं दोन-तीन हंगाम बघायला नको. केरूची बायको जनी हिच्या सुताला मांडवीत नाव होतं. तिथला होडीवाला काशीराम तांडेल म्हणायचा, "जनीबायच्या सुताचं जाळं फाटलं, तर समजायचं मासाच जबरदस्त होता."

केरू स्वतः मात्र पंधराव्या वर्षापासून मुंबईत. तिथल्या कोट भागातल्या एका व्यापारी मंडळाच्या कचेरीत पट्टेवाला. अक्षरओळख नव्हती, पण कुणाचा लखोटा कुठल्या माडीवर द्यायचा, यात चौदा वर्षांत एकदाही चूक नाही. मंडळाचे चिटणीस श्रीपतराव सोहनी, मूळचे मालगुंडचे. घरच्या आमराया, इंग्रजी अस्खलित, वागणं गोड. केरूवर त्यांचा जीव होता, निदान केरूला तसं वाटायचं. "आपल्या रत्नागिरीचा माणूस" असं ते पाहुण्यांना सांगायचे. गावाहून आंब्याची पेटी आली की दोन फळं केरूच्या हातावर ठेवायचे. केरू सुट्टीत घरी आला की जनीला ऐकवायचा, "आमचं साहेब म्हंजे देवमाणूस गो."

सन तेहेतीसच्या पावसाळ्यात त्या कचेरीत जपानी पाहुणे आले. ओसाकाच्या एका मोठ्या कंपनीची तीन माणसं. आठवडाभर दारं लावून बोलणी चालली. आत चहा नेणं-आणणं केरूकडे, त्यामुळे मेजावर पसरलेले नमुने त्याने पाहिले. पांढऱ्या सुताच्या गुळगुळीत लडी, प्रत्येक लडीला लाल बगळ्याचा छाप. शेवटच्या दिवशी श्रीपतरावांनी त्याला मेजाजवळ बोलावलं.

"केरू, तुझ्या घरी जाळ्याचं सूत करतात ना? जरा हे ओढून बघ. कसं आहे सांग."

केरूने सूत बोटांना गुंडाळून ओढलं. पुन्हा ओढलं. बोटं कापायची पाळी आली, सूत तुटलं नाही.

"बळकट हाय साहेब. लई बळकट."

श्रीपतरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. जपानी पाहुणे हसले, त्यांनी माना लववल्या. मग कागदांवर सह्या झाल्या. केरूला बक्षीस म्हणून एक रेशमी हातरुमाल मिळाला, आणि सह्यांचा लखोटा त्यानेच बोटीच्या कचेरीत पोचवला.

त्या करारावरून मुंबईत पुढे बरंच वादळ उठलं. कंपनीने इथला कापूस उचलायचा, आणि बदल्यात मंडळाच्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या बंदरांत फक्त त्याच कंपनीचं सूत, दोर आणि तयार जाळी ठेवायची, असा तो सौदा. कापसाचे दलाल खूश झाले. बाकीच्यांनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांनी ताशेरे झाडले, कचेरीच्या खिडक्यांवर दगड आले. श्रीपतरावांनी प्रकृतीचं कारण सांगून चिटणीसपद सोडलं. किनाऱ्यावरची एजन्सी मात्र त्यांच्या मेहुण्याच्या नावावर निघाली. केरूला यातलं काही कळलं नाही. फुटलेल्या काचा गोळा करताना त्याला आपल्या साहेबांचीच दया आली.

पस्तीसच्या शिमग्याला तो घरी आला, तेव्हा पडवीत आढ्यापर्यंत सुताच्या गुंड्या रचलेल्या होत्या.

"ह्ये अजून हितं कसं?" त्याने विचारलं.

"कोण घेत नाय," जनी म्हणाली. "डोक्यावर भारा घेऊन दोन दिस चालत मांडवीला गेलंव, नि तसाच भारा घेऊन परत आलंव. शेजारची चिमा पण. सगळ्याच परत आल्या."

केरूला पटेना. तो दुसऱ्याच दिवशी मांडवीला गेला. काशीराम तांडेल किनाऱ्यावर जाळं वाळत घालत होता. त्याने केरूला बसवलं, पाणी दिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "माझ्यावर रागावू नकोस रे. निम्म्या भावात मिळतं. शेजारची होडी ते वापरते, मग मी कसा थांबू?" आणि त्याने खोपीतून एक लडी आणून केरूच्या मांडीवर ठेवली.

पांढरी, गुळगुळीत. वर लाल बगळा.

काशीराम काहीबाही बोलत राहिला. हे सूत दुसऱ्या हंगामातच खारटाणाने सडतं, मग पुन्हा विकत घ्यावं लागतं, आता भावही चढायला लागलाय, आणि एजन्सी कुणा श्रीपतराव सोहनींच्या मेहुण्याची आहे, असं तो सांगत होता. केरूच्या कानात मात्र स्वतःचाच आवाज घुमत होता. बळकट हाय साहेब. लई बळकट.

घरी येऊन त्याने जनीला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, लपवलं नाही. जनीने हातातली टकळी खाली ठेवली.

"तू बोललास? तुज्या तोंडानं?"

"मना काय म्हायत, गो? साहेबानं इचारलं..."

"सुताला बळकट बोललास. कशाला इचारतायत, ह्ये इचारलं न्हाईस? माझ्या हाताचं सूत कुठं जातंय, ह्ये तुला म्हायत नव्हतं?"

जनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. नवव्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तुझं एक येळ समजू शकतंय. तू अडाणी. त्यो साहेब तर कोकणातला. त्येनं तुझा हात वापरला नि आमची मान मोडली."

केरूचा राग तिथे सुरू झाला. तो मुंबईला परतला, कचेरीत गेला, पितळी बिल्ला काढून कारकुनाच्या मेजावर आपटला आणि तशीच परतीची बोट धरली. रेशमी रुमाल त्याने वाटेत समुद्रात टाकला. रुमाल बुडेना, लाटांवर तरंगत राहिला, म्हणून तो त्या रुमालावरही चिडला.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. वाडीतल्या निम्म्या घरांनी ताग पेरणं सोडलं. चिमा मुलं घेऊन नवऱ्यामागे मुंबईला गेली, तिच्या घराला कडी लागली. केरू चिरेखाणीवर जांभा दगड काढायला जाऊ लागला. दगडावर घाव घालताना तो पुटपुटायचा, आणि बरोबरचे गडी हसायचे.

आणि मग छत्तीसच्या दिवाळीनंतर बातमी आली. कायदेमंडळाच्या निवडणुकीला श्रीपतराव सोहनी उभे आहेत. अपक्ष.

देवरुखच्या सभेला केरू सकाळीच जाऊन बसला. त्याला मत नव्हतं. मतदार यादीत नाव यायला जमिनीचा ठराविक सारा भरलेला तरी हवा किंवा शिक्षण तरी, आणि त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. पुढे बसलेले वकील, मास्तर, खोत आणि दुकानदार हे मतवाले. केरू मागे, घोंगडी पांघरून.

श्रीपतराव आले ते पांढऱ्याशुभ्र खादीत. बोलले सुरेख. कोकणातल्या गरिबीवर बोलले, मुंबईला जाणाऱ्या तरुणांवर बोलले. मग म्हणाले, "आमच्या मायबहिणी टकळीवर तागाचं सूत काढत. कुठं गेला तो धंदा? परकी माल आला, आणि आपले हात रिकामे झाले! मला निवडून द्या, मी कायदेमंडळात याचा जाब विचारीन."

टाळ्या पडल्या. केरू उभा राहिला.

"साहेब, जाब कुणाला इचारनार?"

सगळ्या माना मागे वळल्या. श्रीपतराव हसले. "सरकारला. बसा."

"सरकारला कशाला? जपानी सुताच्या करारावर सही तुमची हाय."

कुजबूज झाली. श्रीपतरावांनी सभेच्या अध्यक्षांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "असल्या अफवा विरोधक मुद्दाम पसरवतात. त्या काळात मी आजारी होतो, मंडळाशी माझा संबंध नव्हता. आणि हे गृहस्थ कोण, मी यांना जन्मात पाहिलेलं नाही."

जन्मात पाहिलेलं नाही! केरूच्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. चौदा वर्षं या माणसाचे जोडे त्याने दारात सरळ करून ठेवले होते. तो माणसं ओलांडत पुढे आला. घोंगडी कुठे पडली ते त्याने पाहिलं नाही.

"पाह्यलं नाय? मग ऐका. तीन जपानी व्हते. खिडकीजवळच्या लांब मेजावर नमुने व्हते, लाल बगळ्याचे. तुमी बसलं व्हतात मधल्या खुर्चीत. तुमी सुताची लडी एका पट्टेवाल्याच्या हातात दिली नि बोललात, ओढून बघ. त्यो गाढव बोलला बळकट हाय. मग तुमी सही केलीत, हिरव्या टाकानं. नि एजन्सी कुणाच्या नावावर गेली? सांगा की! मेहुण्याच्या का नाय?"

"बस झालं!" श्रीपतरावांनी मेजावर हात आपटला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि रागात तोंडातून जुनी सवय बाहेर पडली. "केरू, खाली बस!"

केरू उभाच राहिला.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे वकील सावकाश उठले. "श्रीपतराव, यांनी आपलं नाव सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. आपल्याला कसं कळलं?"

श्रीपतराव काहीतरी म्हणाले, कोणी तरी आत्ताच आपल्या कानात सांगितलं, असं. पण त्यांच्या जवळ कोणीच उभं नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मागून कोणी शीळ घातली, कोणी हसलं. सभा आटोपती घ्यावी लागली.

दोन दिवसांनी श्रीपतरावांचा माणूस गंगाराम वाडीत आला. मोठ्या अदबीने पडवीत बसला. "केरूभाऊ, झालं गेलं विसरा. निवडणूक झाली की तुम्हाला कायम नोकरी. नवा डगला, नवा बिल्ला. साहेबांनी स्वतः सांगितलंय."

केरू बोलायच्या आधी जनी आतून आली. "तुज्या साहेबाला सांग, ह्या वाडीत अठरा टकळ्या बंद पडल्यात. अठरा बिल्ले घेऊन यायला लाव, नि स्वतः घेऊन यायला लाव. मग बघू." गंगाराम जोडे घालायला थांबला नाही, हातात घेऊनच उतरला.

त्यानंतर महिनाभर दोघं नवराबायको गावोगाव चालली. केरू बोलायचा, जनी बाजूला उभी राहायची. तो प्रत्येक ठिकाणी आधी स्वतःचा गुन्हा सांगायचा. तो पट्टेवाला मीच, बळकट म्हणणारा मीच, असं. जनीनेच त्याला तसं बजावलं होतं: "तुझं लपवलंस तर लोक त्येचं पन खरं मानतील." एका गावात खोताच्या गड्यांनी त्याला ढकलून बांधावरून खाली टाकलं, खांदा निखळला. हाडवैद्याने बसवलेला हात गळ्यात अडकवून तो पुढच्या गावी गेला. मांडवीला काशीराम तांडेलाने दोघांना आपल्या होडीवर उभं केलं आणि सगळ्या आळीला हाक मारली.

निकाल लागला. श्रीपतराव निवडून आले. देवरुखात ते मागे पडले, मांडवीत तर फारच मागे. पण इतर ठिकाणी खोतांनी आणि बागायतदारांनी मतं मिळवून दिली. जिथं केरू पोचला नाही, तिथं खादी आणि गोड भाषण पुरेसं ठरलं.

विजयाची मिरवणूक देवरुखातून गेली, तेव्हा केरू रस्त्याच्या कडेला उभा होता. हारांनी भरलेल्या मोटारीतून श्रीपतरावांनी त्याला पाहिलं, आणि हात जोडले. लोकांना दाखवायला असावेत किंवा खरेच असावेत. केरूने हात जोडले नाहीत. तो मोटारीबरोबर चालत राहिला आणि एकसारखा विचारत राहिला, "जाब कधी इचारनार, साहेब? कधी इचारनार?" वाजंत्री इतकी मोठ्याने वाजत होती, की त्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नव्हता.

पुढे श्रीपतरावांची जिल्ह्यात जिथे जिथे सभा झाली आणि केरूला तिथवर चालत जाता आलं, तिथे तो गेला. लोक त्याला ओळखू लागले, त्याला वाट करून देऊ लागले. दोनदा पोलिसांनी त्याला बाहेर काढलं. एकोणचाळीस साली रत्नागिरीत एका शाळेच्या समारंभात श्रीपतरावांनी त्याला दारात पाहिलं आणि चार वाक्यांत भाषण उरकून ते मागच्या दाराने गेले. त्या दिवशी घरी परतल्यावर जनीने विचारलं, "आज तरी काय बोलला?"

"काय नाय. पळाला."

"मग पुढची सभा कुठं हाय?" जनीने विचारलं, आणि त्याच्यासाठी पाणी तापत ठेवलं. सुजलेले पाय शेकायला.